हप्ता भरला, पण कशातून?

ग्रामीण भागातील छोट्या कर्जांचा विषय निघाला की राज्यकर्ते, बँकांचे अधिकारी आणि खासगी वित्तसंस्थांचे चालक एकच आकडा पुढे करतात : वसुलीचा. शंभरातले पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव, कधी नव्याण्णव हप्ते वेळेवर येतात. गरीब बाई कर्ज बुडवीत नाही. तेव्हा योजना यशस्वी आहे, असे हे सरळ त्रैराशिक. गरीब बाई कर्ज बुडवीत नाही, हे खरेच आहे. परंतु तिने कर्ज फेडले एवढ्यावरून ते कर्ज तिच्या उपयोगी पडले असे सिद्ध होत नाही. हप्ता करडाच्या विक्रीतून आला, की खुरपणीच्या मजुरीतून, की दुसऱ्या संस्थेच्या कर्जातून, की कानातले मोडून, की मुलांच्या वाट्याचे दूध डेअरीला घालून, हे वसुलीच्या तक्त्यात कोठेही लिहिलेले नसते. तेथे एकच रकाना असतो : भरला की नाही. कशातून भरला, हा रकाना कोणी आखलेलाच नाही.

छोट्या कर्जांवर देखरेख हवी याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. वाद आहे तो देखरेख कोणी करावयाची, कोणावर करावयाची आणि कोणाच्या हितासाठी करावयाची, याविषयी. आज तिचा सारा रोख कर्ज घेणाऱ्या स्त्रीवर आहे. ती बैठकीला आली का, हप्ता आणला का, आणला नसेल तर शेजारणींनी मिळून भरला का, तिच्या नावावर आणखी कोणाचे देणे आहे का, या सर्व गोष्टींची नोंद होते. परंतु कर्ज देणाऱ्याने तिला खरा व्याजदर समजावून सांगितला का, विमा आणि प्रक्रिया-शुल्क यांच्या नावाखाली हातात पडण्याआधीच किती कापून घेतले, भरलेल्या पैशाची पावती दिली का, हे पाहणारा माणूस गावात नसतो. ज्याच्या हाती पैसा त्याच्या हाती वही, आणि ज्याच्या हाती वही त्याचेच म्हणणे खरे, हा सावकारीचा जुना न्याय होय. वहीच्या जागी यंत्र आले म्हणून न्याय बदलला, असे समजण्याचे कारण नाही.

सुप्याचा धडा

महाराष्ट्राला तरी हा धडा नव्याने शिकविण्याची गरज पडू नये. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी शेतकरी सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले आणि पाहता पाहता हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. त्या उठावात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, जमावाचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. खते, रोखे, हुकूमनामे हाती आले की ते जाळावयाचे आणि पुढे जावयाचे, असा प्रकार ठिकठिकाणी घडला. निरक्षर शेतकऱ्याला अर्थशास्त्र ठाऊक नव्हते. परंतु आपण बांधले गेलो आहोत ते आपल्याला वाचता न येणाऱ्या कागदाने, हे त्याला पक्के ठाऊक होते.

त्या उठावाची चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा आला. परकी सरकारने तो शेतकऱ्याच्या प्रेमापोटी केला नाही आणि त्याने सावकारी संपलीही नाही. पण त्यात एक तत्त्व होते. रोख्यावर लिहिलेला आकडा प्रमाण न मानता न्यायालयाने व्यवहाराच्या मुळापर्यंत जावे, मुद्दल किती आणि व्याज किती हे स्वतः निवडून पाहावे, असे त्या कायद्याने सांगितले. ऋणकोला पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला. म्हणजे देखरेख धनकोच्या वहीवर ठेवली. जवळजवळ दीडशे वर्षांनंतर, स्वतंत्र देशात, लोकांच्या मतांवर चालणाऱ्या राज्यात, देखरेख पुन्हा ऋणकोच्या उंबरठ्यावर येऊन बसली आहे. याला प्रगती म्हणावयाचे काय?

कागदी वसुलीची परंपरा

वसुलीच्या आकड्याने सत्य झाकण्याची कला खासगी कंपन्यांनी शोधलेली नाही. ती सहकारात आणि सरकारी योजनांत मुरलेली आहे, हे कबूल केल्यावाचून या विषयावर प्रामाणिकपणे बोलता येणार नाही. १९०४ च्या कायद्याने पतसंस्थांची पायाभरणी झाली. पण १९५१-५२ मधील अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने काय दाखविले? शेतकऱ्यांनी घेतलेल्या कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के, आणि सावकारांचा सत्तर टक्क्यांच्या घरात. पुढे शासनाने भागभांडवल दिले, जिल्हा बँका उभ्या राहिल्या, गावोगाव सोसायट्या झाल्या. सहकाराने महाराष्ट्रात केलेले काम मोठे आहे. परंतु त्याच सोसायट्यांत मार्चअखेरीला ‘नवे-जुने’ नावाचा जो विधी दरसाल पार पडतो, तो कोणाला ठाऊक नाही? सभासदाने गावातील पैसेवाल्याकडून चार दिवसांसाठी रक्कम आणावयाची, सोसायटीचे जुने कर्ज भरावयाचे, लगेच नवे उचलावयाचे आणि त्यातून पैसेवाल्याचे देणे वरकड रकमेसह चुकते करावयाचे. सचिवाच्या पुस्तकात वसुली पूर्ण, बँकेच्या ताळेबंदात थकबाकी नाही, सभासदाची व्याजसवलत शाबूत आणि सावकाराची चार दिवसांची कमाईही शाबूत! फक्त शेतकरी होता तेथेच. कर्ज फिटले नाही, त्याची तारीख तेवढी बदलली.

सरकारी योजनांची कथा याहून वेगळी नाही. १९७८-७९ मध्ये सुरू झालेला आणि २ ऑक्टोबर १९८० पासून देशातील सर्व विकासगटांत गेलेला एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम हा हेतूने चांगलाच होता. भूमिहीनाला अनुदान आणि कर्ज मिळून म्हैस, शेळ्या किंवा एखादा धंदा मिळावा, ही कल्पना वाईट कशी म्हणता येईल? पण त्यावरील देखरेख म्हणजे लाभार्थींची मोजदाद झाली. तालुक्याला उद्दिष्ट ठरले. ते मार्चपूर्वी गाठले गेले की अधिकारी मोकळा. म्हशीला चारा कोठून येणार, दूध कोण घेणार, ती आटल्यावर हप्ता कशातून द्यावयाचा, हे कोणी विचारले नाही. एकच जनावर दोन दावणींना दाखविल्याच्या, मेलेल्या म्हशीच्या कानातील विम्याचा बिल्ला मिळविण्यासाठी लाभार्थ्याला हेलपाटे घालावे लागल्याच्या तक्रारी जिकडेतिकडे होत्या. शेवटी १९९९ मध्ये हा कार्यक्रम दुसऱ्या योजनेत विलीन झाला. ज्यांची म्हैस गेली आणि कर्ज राहिले, त्यांच्या नावापुढे मात्र ‘थकबाकीदार’ हा शिक्का कायम राहिला आणि पुढील कर्जाचे दार त्यांना बंद झाले. चूक देखरेखीची आणि शिक्षा कर्जदाराला, असा हा न्याय.

गटाची वही

या पार्श्वभूमीवर बचत गटांची कल्पना खरोखर नवी होती. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला आणि त्यातून देशव्यापी कार्यक्रम उभा राहिला. महाराष्ट्रात १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने आणि २०११ नंतर ‘उमेद’ अभियानाने लाखो स्त्रियांना गटांत आणले. चांगल्या गटाची बैठक ज्याने पाहिली असेल त्याला तिचे सामर्थ्य सांगावे लागत नाही. बचत स्वतःची, कर्ज आपसातले, व्याजाचा दर गटाने ठरविलेला; तो महिना दोन टक्के असला तरी ते व्याज शेवटी गटाच्याच पेटीत परत येते. आणि मुख्य म्हणजे, तेथे ‘कशातून?’ हा प्रश्न आपोआप विचारला जातो. अमकीचा नवरा आजारी आहे, तमकीची शेळी व्यायला दोन महिने आहेत, हिला औंदा कोयत्यावर जावे लागणार आहे, हे सर्वांना ठाऊक असते. म्हणून कोणाचा हप्ता पुढे ढकलावयाचा, कोणाला टोकावयाचे, हे गट माणूस पाहून ठरवितो. खरी देखरेख ती हीच. तिच्यात शिस्त आहे. पण ती शिस्त समजुतीच्या पोटातून आलेली आहे.

ही देखरेख कोठे बिघडते? वही सभासदांच्या हातून सुटते तेथे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि अद्ययावत हिशेब ही पंचसूत्री गटांच्या भिंतीवर लिहिलेली असते. परंतु उद्दिष्टपूर्तीची घाई सुरू झाली की बैठक कागदावर होते, ठरावाच्या वहीत आधीच अंगठे आणि सह्या घेतल्या जातात, हिशेब अध्यक्षीण बाईंचा मुलगा किंवा पगारी लेखनिक लिहितो आणि बाकीच्या दहाजणींना आपल्या नावावर किती देणे आहे ते विचारल्याशिवाय कळत नाही. बँक गटाला श्रेणी देते ती या वहीवरून. वही नीटनेटकी, म्हणजे गट चांगला! वही वाचता येणाऱ्या बायका गटात किती, हा प्रश्न श्रेणी देणाऱ्याच्या कागदावर नसतो.

आता वहीच्या जागी भ्रमणध्वनीवरील नोंदी येत आहेत. त्यास विरोध करण्याचे कारण नाही. हिशेब लवकर जुळतो, चोरी अवघड होते. पण नोंद झाल्यानंतर ती वर जाते, जिल्ह्याला, मुंबईला, दिल्लीला जाते. जिच्या पैशाची ती नोंद आहे तिच्याकडे मात्र परत येत नाही. जी माहिती वर जाते आणि खाली येत नाही, तिला देखरेख म्हणता येत नाही. ती पाळत होय.

शेजारणीचा पोलीस

बचत गटाचे हे नाव आणि रूप उसने घेऊन खासगी सूक्ष्मवित्त संस्था गावात शिरल्या. तेथेही पाच-दहा बायकांचा गट असतो, ठरलेल्या दिवशी बैठक असते. पण साम्य येथेच संपते. या गटात बचत नाही. व्याज बाहेर जाते. नियम बाहेरून येतात. गटाचे काम एकच : एकीचा हप्ता चुकला तर इतरांनी तो भरावयाचा किंवा तिच्याकडून काढावयाचा. संयुक्त जबाबदारी असे याला गोंडस नाव आहे. मुहम्मद युनुस यांनी १९७६ मध्ये बांगलादेशातील जोब्रा गावात सुरू केलेल्या प्रयोगाची प्रेरणा मानवतेची होती, यात शंका नाही. परंतु पाच जणींच्या गटाची जी रचना त्यातून जगभर गेली, ती नफ्यासाठी काम करणाऱ्या कंपनीच्या हातात पडली म्हणजे वसुलीचा खर्च आणि वसुलीची बदनामी दोन्ही गरीब बायकांवरच ढकलण्याचे साधन बनते. कंपनीला वेगळा शिपाई ठेवावा लागत नाही. शेजारीणच शेजारणीवर पोलीस होते. हप्ता चुकलेल्या बाईच्या दारात इतर जणी बसून राहतात, तिच्या घरातील भांडे उचलले जाते, आणि ज्या बायका एकमेकींच्या बाळंतपणाला धावत होत्या त्या एकमेकींची तोंडे पाहीनाशा होतात. हे नुकसान कोणत्या ताळेबंदात दाखवितात?

याचा परिणाम कोठवर जातो हे आंध्र प्रदेशात दिसले. २००६ मध्ये कृष्णा जिल्ह्यात प्रशासनाने अशा संस्थांच्या शाखांना टाळे ठोकले, तो इशारा होता. तो कोणी मानला नाही. कंपन्या वाढत गेल्या आणि २०१० च्या उन्हाळ्यानंतर एक बडी संस्था शेअरबाजारात उतरली, तेव्हा गुंतवणूकदारांची झुंबड उडाली. त्याच वर्षी आंध्रातील खेड्यांतून कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि १५ ऑक्टोबर २०१० रोजी राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. विशेष असे की, ज्या दिवसापर्यंत वसुलीचा आकडा नव्याण्णव टक्क्यांच्या आसपास दाखविला जात होता, त्याच्या पुढच्या काही आठवड्यांत ती वसुली कोसळली. नव्याण्णव टक्क्यांचा तो आकडा जर खुशालीचा पुरावा होता, तर खुशाली एका वटहुकुमाने नाहीशी कशी झाली? उघड आहे की, आकडा खुशालीचा नव्हता. तो एका कर्जातून दुसरे फेडण्याचा आणि भीतीचा होता. नोटबंदीनंतर २०१६-१७ मध्ये विदर्भात बायका मोर्चे काढून हप्ते थांबवू लागल्या, तेव्हा याच गोष्टीचा प्रत्यय महाराष्ट्रातही आला.

व्याजाचे गणित

व्याजाची गोष्ट मुद्दाम सविस्तर पाहावी. कारण फसवणुकीचे घर तेथे आहे. दहा हजार रुपये बारा टक्क्यांनी वर्षासाठी दिले असे सांगितले जाते. बाराशे रुपये व्याज, अकरा हजार दोनशे रुपयांची फेड, महिना सुमारे ९३३ रुपयांचा हप्ता. ऐकणारीला हे रास्त वाटते. परंतु दहा हजार रुपये तिच्या हातात वर्षभर नसतात. पहिल्याच महिन्यापासून मुद्दल परत जाऊ लागते. वर्षभराची सरासरी काढली तर तिच्याकडे प्रत्यक्षात साडेपाच हजारांच्या आतच रक्कम राहते. तेवढ्यावर बाराशे रुपये व्याज म्हणजे खरा दर बावीस टक्क्यांच्या जवळ. त्यात प्रक्रिया-शुल्क आणि विमा आधीच कापला असेल तर तो आणखी वाढतो. ‘बारा’ म्हणून सांगावयाचे आणि ‘बावीस’ घ्यावयाचे, याला सावकाराच्या बाबतीत लबाडी म्हणतात.

आणि सावकाराला तरी कायदा आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली शेतकऱ्याला विनातारण कर्ज देणाऱ्या परवानाधारक सावकाराला वर्षाला बारा टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना मात्र राज्याचे सावकारीविरोधी कायदे लागू होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये केरळच्या एका प्रकरणात दिला. आंध्राच्या कायद्याबाबतही तेलंगण उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तसेच म्हटले. आंध्रातील अनर्थानंतर २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने या संस्थांच्या व्याजावर २६ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली होती. २०२२ च्या निर्देशांनी दराची मर्यादा उठविली आणि दर ठरविण्याचे काम संस्थांच्या संचालक मंडळांवर सोपविले. म्हणजे गावच्या सावकाराला वेसण आणि शहरातील कंपनीला मोकळे रान, असा प्रकार झाला.

त्याच निर्देशांत चांगल्या गोष्टीही आहेत, त्या दडविण्याचे कारण नाही. कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाऊ नये. कर्जदाराला समजेल अशा भाषेत कर्जपत्रक द्यावे. सकाळी नऊपूर्वी आणि संध्याकाळी सहानंतर तगादा लावू नये. ठरलेल्या जागीच वसुली करावी. मुदतीआधी फेड केल्यास दंड नको. नियम उत्तम. पण मजूर स्त्रीच्या कुटुंबाचे ‘मासिक उत्पन्न’ कोण लिहितो? ज्याला कर्ज खपविण्याचे उद्दिष्ट दिलेले आहे तोच संस्थेचा नोकर. सुगीत रोज काम आणि चैत्र-वैशाखात हात रिकामे, अशा घराचे उत्पन्न महिन्याच्या चौकटीत बसविताना तो लेखणी कोणत्या बाजूला झुकवील? नियम मोडला तर कर्जदाराने तक्रार करावयाची ती कोठे? प्रथम त्याच संस्थेकडे. कर्नाटक सरकारला २०२५ मध्ये जुलमी वसुलीविरुद्ध दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेला वटहुकूम काढावा लागला, यावरून कागदावरील नियमांनी गावात काय साधले ते कळते.

तीन आक्षेप

या मांडणीवर तीन बाजूंनी आक्षेप येतील. बँकर म्हणेल : दडपण नसेल तर पैसे परत येणार नाहीत आणि मग गरिबाला कर्ज देणारा कोणी उरणार नाही. दडपण आणि शिस्त यांत फरक आहे, हे त्याला सांगितले पाहिजे. शेळी घेतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात हप्ता मागणे ही शिस्त नव्हे. करडू विकण्याजोगे होण्यास महिने लागतात हे न समजणारे ते अज्ञान आहे, किंवा समजूनही न समजणारी धूर्तता. कोलकात्यात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या हप्त्यापूर्वी दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांची सवड दिली, तेव्हा धंद्यात घातला जाणारा पैसा आणि पुढे मिळणारा नफा वाढला. थकबाकीही काही प्रमाणात वाढली, हे तोच अभ्यास सांगतो. म्हणजे निवड अशी आहे : संस्थेची वसुली निर्धोक ठेवावयाची, की कर्जदाराचा धंदा उभा राहू द्यावयाचा? दुसरे हवे असेल तर काही जोखीम कर्ज देणाऱ्याने पत्करली पाहिजे. आज सगळी जोखीम अधिक दुबळ्या बाजूवर आहे आणि सगळी खातरी बळकट बाजूला.

दुसरा आक्षेप चळवळीतील मित्रांचा आहे. ते म्हणतील, देखरेख म्हणजेच जुलूम. हप्ते बंद करा, कर्जे माफ करा, विषय संपला. संकटात सापडलेल्या बायकांनी हप्ते थांबविले तर त्यांच्या पाठीशी उभे राहिलेच पाहिजे. पण ‘वसुली बंद’ हे धोरण होऊ शकत नाही. १९९० आणि २००८ च्या कर्जमाफ्यांनी संस्थात्मक कर्जदाराला तात्पुरता श्वास घेऊ दिला; ज्याचे देणे सावकाराकडे होते त्याच्या पदरात त्यातून काही पडले नाही. आणि बचत गटाचे अंतर्गत कर्ज बुडाले तर बुडते कोणाचे? शेजारच्या मोलकरणीचे, विधवेचे, परित्यक्तेचे. लोकांच्या स्वतःच्या पतसंस्था टिकावयाच्या असतील तर हिशेब कठोरच पाहिजे. सोसायट्यांच्या संचालक मंडळांवर पुरोगामी म्हणविणारी माणसे बसली तेव्हा त्यांनी ‘नवे-जुने’ थांबविले काय, आपल्या गणगोताची थकबाकी फलकावर लावली काय, हा प्रश्नही या निमित्ताने विचारावा लागेल.

तिसरा आक्षेप सरकारचा. ते म्हणते, सारे यंत्रावर येत आहे. कोणाच्या नावावर किती कर्ज हे आता एका क्षणात कळते. पतमाहिती कंपन्यांकडे नोंद होते म्हणून एकीला पाच ठिकाणी कर्ज देणे अवघड झाले, हे मान्य आहे. पण त्या नोंदीत खासगी सावकार नाही, सोनाराकडे गहाण ठेवलेले डोरले नाही, मुकादमाची उचल नाही. बीड-धाराशिवकडील जे जोडपे उचल घेऊन कारखान्यावर जाते, त्याच्या कर्जाचा मोठा भाग कोणत्याच यंत्रात सापडत नाही. तो सापडतो फक्त गावात, माणसांना विचारल्यावर.

काय करावयास हवे

तेव्हा देखरेख नको असे नव्हे. देखरेखीची दिशा उलटी करावयास हवी. त्यासाठी पुढील मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत.

एक : गावात कर्ज देणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपला खरा वार्षिक व्याजदर, सर्व कपाती आणि हप्त्याचा तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावा. जी संस्था दर सांगण्यास लाजते तिने गावात येऊ नये.

दोन : प्रत्येक कर्जदार स्त्रीच्या हाती तिची स्वतःची वही असावी. तीत मुद्दल, व्याज आणि शिल्लक वेगवेगळी लिहिलेली असावी आणि गटाच्या मासिक बैठकीत प्रत्येकीचा हिशेब मोठ्याने वाचून दाखवावा. १९९४ मध्ये राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावणीत सरकारी हजेरीपट आणि बिले लोकांसमोर वाचली, तेव्हा निरक्षर माणसांनीच मेलेल्यांची आणि न झालेल्या कामांची नावे ओळखली. जे बांधकामाच्या हिशेबात झाले ते कर्जाच्या हिशेबात का होऊ नये?

तीन : रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने कामांच्या सामाजिक तपासणीचे काम ग्रामसभेवर सोपविले होते. छोट्या कर्जांचीही अशी वार्षिक तपासणी महिला ग्रामसभेत व्हावी. कोणाचे खासगी देणे चव्हाट्यावर आणण्यासाठी ती नसावी; थकबाकीदार बाईची नावनिशी तेथे घेऊ नये. तपासावयाचे ते संस्थेचे वर्तन : दर, कपात, पावती, तगादा.

चार : हप्ता पिकाच्या, दुधाच्या आणि मजुरीच्या हंगामाला बांधलेला असावा. जनावर मेले, पाऊस गेला किंवा घरात मोठे आजारपण आले, तर हप्ता पुढे ढकलण्याचा अधिकार गटाला असावा आणि त्याबद्दल दंडव्याज नसावे.

पाच : राष्ट्रीयीकृत आणि जिल्हा बँकांनी बचत गटांना पुरेसे कर्ज वेळेवर द्यावे. बँकेचे कर्ज उशिरा आणि अपुरे मिळते म्हणूनच खासगी संस्थेचा दुचाकीस्वार नोकर बाईच्या दारात पोहोचतो. सार्वजनिक बँक मागे हटली की जागा रिकामी राहत नसते; ती सावकार घेतो, मग त्याच्या अंगावर धोतर असो की गळ्यात ओळखपत्र.

या मागण्या निवेदने देऊन मान्य होणार नाहीत. कार्यकर्त्यांना काम खाली, बैठकीच्या सतरंजीवर आहे. तालुक्यातील एका-एका गावात बसून बायकांच्या हातातील कर्जपत्रके गोळा करावीत, खरा व्याजदर काढून त्यांना दाखवावा, आणि प्रत्येक हप्त्यापुढे तो राहिलेला रकाना त्यांच्याच हाताने भरून घ्यावा : हप्ता कशातून भरला? मजुरीतून, दुसऱ्या कर्जातून, डाग मोडून, की धंद्यातून. शंभर बायकांची अशी यादी तयार झाली तर ती कोणत्याही मंत्र्याच्या भाषणाला पुरून उरेल. सुप्याच्या शेतकऱ्याला कागद वाचता येत नव्हता, म्हणून त्याने तो जाळला. आज त्याच्या पणतीला कागद वाचता येतो. तो तिच्या हातात देणे, एवढेच राहिले आहे. आणि तो तिच्या हातात जाऊ नये यासाठी किती जण झटत आहेत, हे ती मागू लागली की दिसून येईल.